वाघसाहेबांशी मनमोकळ्या गप्पा

एका जंगलात एक नियम होता. पाहुण्याला तो काय खातो, हे विचारायचं नाही.

बाळांनो, असा नियम का, हे तुमच्या ओठांवर आलं असेल. हात खाली करा. नियमाबद्दल 'का' विचारायचं नाही, हा त्या जंगलातला दुसरा नियम होता. हे दोन पाळले की तिसऱ्याची गरज पडायची नाही.

पाडस उभं राहायला लागलं की त्याला आधी पहिला नियम शिकवायचे. गवत खायला मग शिकवायचे.

त्या जंगलात पाहुणा एकच होता. वाघ. तो फार वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावरून चार दिवस राहायला म्हणून आला होता. त्याला जागा आवडली. त्याने बांबूच्या बनात बस्तान बसवलं. तिथेच त्याचं लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. तरी तो पाहुणाच.

"आलेल्याला कधी जाणार म्हणून विचारणं बरं दिसत नाही," असं सांबरकाका म्हणायचे. सांबरकाका जंगलातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांची शिंगं एवढी जड झाली होती की त्यांना मान वळवता येत नसे. ते कायम एकाच दिशेला बघत. जंगल त्याला ठाम भूमिका म्हणत असे.

जंगलाच्या मधोमध ऐनाचं एक उंच झाड होतं. त्यावर दादासाहेब वानर बसायचे आणि रोज संध्याकाळी सांजवार्ता द्यायचे. वार्ता देता देता ते कोवळी पानं खायचे आणि बरीचशी खाली टाकायचे. खाली चितळांचा कळप तोंड वर करून उभा असायचा. कळपाला पानंही मिळायची आणि बातम्याही. दोन्ही गोष्टी दादासाहेबांनी आधी चावून पाहिलेल्या असायच्या.

"जंगलात सर्वत्र शांतता आहे," दादासाहेब सांगायचे. "वाघसाहेबांनी आज नाल्याची पाहणी केली. उत्तर पाणवठ्यावरून एक पाडस स्थलांतरित झालं. हवा कोरडी राहील."

त्या जंगलातल्या पाडसांना स्थलांतराची फार आवड होती. ती एकेकटी जायची, आईला न सांगता जायची आणि नेहमी पाणवठ्यावरूनच जायची.

असंच एक पाडस चंद्रीचं होतं. चंद्री म्हणजे कळपातली एक साधी चितळीण. तिच्या पाडसाचं नाव भुरा, आणि त्याचा डावा कान जन्मापासून मुडपलेला. एका संध्याकाळी भुरा पाण्यावर उतरला आणि स्थलांतरित झाला. चंद्रीने ती बातमी ऐनाखाली उभं राहून ऐकली. तिने पान खाल्लं नाही. ती उत्तर पाणवठ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली.

त्या पाणवठ्याच्या काठावर, दगडगोट्यांत, एक टिटवी राहत होती. ती पलीकडच्या मोठ्या तलावावर शिकून आली होती. तिथे प्रश्न विचारला की गुण मिळायचे. इकडे परतल्यावर तिला कळलं की ते गुण इथे धरत नाहीत.

शिवाय ती टिटवी. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं, अशी जंगलात पक्की समजूत होती. खरं म्हणजे काहीतरी वाईट झालं की टिटवी ओरडायची. पण आधी काय आणि नंतर काय, हे बघत बसायला ज्येष्ठांना वेळ नव्हता.

"चंद्रीताई," टिटवी म्हणाली, "कळप जायची तयारी करतोय. इथलं पाणी आटत चाललंय. सगळे दक्षिणेच्या कुरणात जाणार आहेत. तुम्ही चला."

"भुरा आल्यावर जाऊ."

"ताई, तो पाण्यावर उतरला ते मी पाहिलं. वर आलेला पाहिला नाही. गवत मात्र हललं."

"गवत वाऱ्यानेही हलतं," चंद्री म्हणाली. "तू त्याला काही झालेलं पाहिलंस का? डोळ्यांनी?"

टिटवी खोटं बोलू शकत नव्हती. तलावावर तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. "नाही पाहिलं," ती म्हणाली.

"मग? दादासाहेब इतकी वर्षं सांगतायत. ते म्हणाले स्थलांतर झालं. गेलेला परत येतो. तो आला आणि मी नसले, तर कुणाकडे जाईल?"

भुराचं काय झालं हे कोण सांगू शकेल, ते टिटवीला माहीत होतं. आणि त्याला विचारायचं नाही, असा नियम होता.

मग टिटवीने पॉडकास्ट सुरू केला.

जंगलातही त्याला पॉडकास्टच म्हणायचे, कारण मराठी शब्द शोधण्यासाठी नेमलेली समिती अजून बसायची होती. तो चालायचा असा. टिटवी सकाळी नदीतल्या एका सपाट खडकावर उभी राहून बोलायची. समोर मैना बसायच्या. मैनेचं काम तुम्हाला माहीत आहे. ऐकलेलं ती जसंच्या तसं म्हणते, ज्याचा आवाज त्याच्याच आवाजात. ऐकून झालं की मैना जंगलभर पांगायच्या. मग ज्याला हवं त्याने, हवं तेव्हा, चरता चरता किंवा पाठ खाजवता खाजवता मैनेला बोलवायचं आणि ऐकायचं. ऐनाखाली जाऊन मान वर करून उभं राहायची गरज उरली नाही. पानं मिळायची नाहीत, एवढंच.

टिटवी जे दिसलं तेवढंच सांगायची. आज पाणी इतकं खाली गेलं. आज तिकडचं गवत हललं. आज एक पिल्लू उतरलं, वर आलं नाही. सुरुवातीला दोन कासवं आणि एक बेडूक ऐकायचे. बेडूक तर झोपेत ऐकायचा. पण हळूहळू ऐकणारे वाढले. पाडसं असलेल्या आया मुलांना पाण्यावर सोडण्याआधी मैनेला हाक मारू लागल्या.

ज्येष्ठांनी टिटवीला बोलावून घेतलं.

"तुझ्याकडे झाड आहे का?" दादासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"झाड नाही आणि बातम्या देतेस?"

"बातमी जमिनीवर घडते, दादासाहेब. झाडावरून फक्त शेंडे दिसतात."

"बघा," साळूमावशी म्हणाल्या. साळूमावशी म्हणजे साळिंदर. त्यांच्या पाठीवर इतके काटे होते की त्यांना आयुष्यात कधी कुणाची भीती वाटली नव्हती. म्हणून त्या इतरांना नेहमी सबुरीने घ्यायला सांगत. "शिकली की अशी बोलतात. अगं, पोरीच्या जातीला एवढा कर्कश आवाज बरा नव्हे."

"मावशी, हा आवाज धोका सांगण्यासाठीच असतो. गोड असता तर कुणी झोपेतून उठलं नसतं."

सांबरकाका ज्या दिशेला बघत होते, त्या दिशेला टिटवी नव्हती.

पण बाळांनो, एकाचं ऐकलं जातंय म्हटल्यावर बाकीचे गप्प कसे बसतील? महिन्याभरात जंगलात जो तो पॉडकास्ट काढू लागला. मोराने दुसऱ्या मोराला बोलावलं आणि दोघांनी एकमेकांच्या साधेपणाचं कौतुक केलं. अस्वलाने स्वकष्टाची कमाई या विषयावर मार्गदर्शन केलं. बोलताना त्याच्या नाकाला मध लागलेला होता, पण मैनांना फक्त आवाज नेता येतो. गव्याने मन शांत कसं ठेवावं यावर भलामोठा भाग केला. त्यात बहुतेक वेळ तो रवंथ करत होता, आणि तेवढाच तुकडा लोक पुन्हा पुन्हा मागवू लागले.

मग प्रायोजक आले. "आजचा भाग तुमच्यापर्यंत आणत आहेत कडुनिंबाच्या साली. अंग घासा, मोकळे व्हा." टिटवीकडेही जळवा आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही स्वतंत्र पत्रकारितेच्या पाठीशी आहोत, फक्त रक्ताचा विषय काढू नका. टिटवीने त्यांना पाण्यात परत सोडलं.

होता होता ऐनाखालची गर्दी ओसरली. दादासाहेबांची पानं खाली पडून सुकू लागली. तेव्हा ज्येष्ठ पुन्हा टिटवीकडे आले. या वेळी ते स्वतः आले, दादासाहेब फांद्याफांद्यांवरून. सांबरकाकांना वळवून आणावं लागलं.

"बेटा," दादासाहेब म्हणाले. याआधी ते तिला 'अगं ए' म्हणत असत. "आम्ही तुझं काम बघतोय. नव्या पिढीला संधी द्यायला हवी, असं आमचं पहिल्यापासून मत आहे. वाघसाहेब तुझ्याकडे यायला तयार झालेत."

"माझ्याकडे?"

"तुझ्या खडकावर. मनमोकळ्या गप्पा. ते आजवर कुणाशी बोललेले नाहीत. हा भाग झाला ना, की सगळ्या मैना तुझ्या. गवा नाही की मोर नाही."

"प्रश्न मी ठरवणार," टिटवी म्हणाली.

"तूच ठरव. बालपण विचार. अंगावरचे पट्टे एवढे नीट कसे राखता ते विचार. तरुणांना काय सांगाल, हे शेवटी विचार. एवढं सोडून बाकी सगळं तुझं."

"आणि नियम लक्षात ठेव," साळूमावशी म्हणाल्या. "ते पाहुणे आहेत."

टिटवी हो म्हणाली. ती कशाला हो म्हणाली, ते तुम्हाला कळलंय. कळप दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. चंद्री अजून उत्तर पाणवठ्यावर उभी होती. आणि वाघाच्या तोंडचं वाक्य वाघाच्याच आवाजात तिथवर नेऊ शकेल, असं जंगलात एकच कुणी होतं. मैना.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर वाघसाहेब आले. सगळं जंगल नदीकाठी जमलं होतं. चितळंही होती, जरा मागे.

"घाबरू नका," दादासाहेबांनी जाहीर केलं. "साहेब जेवून आलेत."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काय जेवून आलेत, हे अर्थातच कुणी विचारलं नाही.

वाघसाहेब खडकाशेजारी वाळूत बसले. जवळून ते फारच देखणे होते. टिटवीने बालपण विचारलं. ते आईबद्दल बोलले. लहानपणी आपण चिखलात घसरून पडलो होतो, असं त्यांनी सांगितलं. जंगल हसलं. टिटवीही हसली. तिला ते आवडू लागले होते, आणि याचं तिलाच नवल वाटत होतं.

"तुमचा दिवस कसा सुरू होतो?" तिने विचारलं.

"उजाडायच्या आधी. गवतात जाऊन पडतो. अजिबात हलत नाही. श्वाससुद्धा हळू. मन एका जागी येतं."

"केवढी साधना," साळूमावशी पुटपुटल्या.

"असं किती वेळ बसता?"

"समोरचा जवळ येईपर्यंत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका तरुण चितळाने हे वाक्य पाठ करून टाकलं. घरी जाऊन सगळ्यांना ऐकवायचं, असं त्याने ठरवलं.

"एकटेपणा वाटतो का?"

"वाटतो," वाघसाहेब म्हणाले. "मी दिसलो की सगळे निघून जातात. मी कुणाला दोष देत नाही."

कितीतरी डोळ्यांत पाणी आलं. दादासाहेब काठावरच्या झाडाच्या फांदीवरून टिटवीला खुणावत होते. आता तरुणांना काय सांगाल, एवढं विचार आणि आटप. मैना माना तिरक्या करून ऐकत होत्या. टिटवीने नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिकडे उत्तर पाणवठा होता.

"वाघसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही काय खाता?"

जंगल गोठलं. साळूमावशींचे काटे आपोआप उभे राहिले.

वाघसाहेबांना राग आला नाही. ते जरा गोंधळले. त्यांना हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"चितळ," ते म्हणाले. "बहुतेक चितळच. कधी सांबर, पण ते जड पडतं. पाडसं बरी. पळत नाहीत फारशी."

"उत्तर पाणवठ्यावर एक पाडस होतं. डावा कान मुडपलेला."

"हो. तो मुडपलेला कान आठवतो. खाल्लं ते मी. का?"

"त्याची आई अजून तिथे उभी असते."

"असते ना. रोज बघतो. एकटीच असते, पळायच्या तयारीतही नसते. आज पोट भरलंय. उद्या परवा जाईन म्हणतो."

बोलणं संपलं, असं समजून वाघसाहेब उठले. त्यांनी अंग झाडलं. "छान वाटलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, हे सगळ्यांना माहीतच आहे." आणि ते शांतपणे बांबूच्या बनाकडे निघून गेले.

जंगल संतापलं. बाळांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून स्पष्ट सांगते. जंगल वाघावर संतापलं नाही.

"लाज वाटली पाहिजे," साळूमावशी म्हणाल्या. "दारी आलेल्याला असं विचारतात? बिचारे किती मोकळेपणाने बोलत होते."

"त्यांच्या प्रामाणिकपणाचा गैरफायदा घेतलास तू," दादासाहेब म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या चितळांपैकी एक म्हणाला, "आमच्यासमोर कशाला हा विषय? मुलं आहेत इथे."

सगळ्यात थोरली मैना खडकावर उतरली. मैनांना भांडणात रस नसतो. "काय न्यायचं ते सांगा," ती म्हणाली. "काही वगळायचं असेल तर आत्ताच. एकदा उडालो की मागे बोलावून उपयोग नाही."

दादासाहेब फांदीवरून खाली आले. कितीतरी वर्षांनी त्यांचे पाय जमिनीला लागले होते. त्यांनी आवाज मऊ केला.

"ऐक, बेटा. भाग सुंदर झालाय. चिखलात पडल्याचा किस्सा तर काय सांगू. शेवटचं तेवढं काढून टाक. 'मी कुणाला दोष देत नाही' इथे संपव. जंगल डोक्यावर घेईल तुला."

"आणि चंद्रीताई?"

"तिला या वयात एवढा धक्का देणार आहेस?" साळूमावशी म्हणाल्या. "बिचारी आशेवर उभी आहे."

"उद्या परवा त्या आशेवर वाघ येणार आहे, मावशी. आत्ता तुमच्यासमोर सांगून गेला."

"तुझं काय जातंय बोलायला," सांबरकाका म्हणाले. संध्याकाळभरात ते पहिल्यांदाच बोलत होते. "तुला पंख आहेत. तू विचारशील आणि उडून जाशील. आम्हाला जमिनीवर राहायचंय."

"म्हणूनच मी विचारलं, काका. ज्यांना पंख नाहीत त्यांनी विचारायचं कसं? त्यांनी विचारलंच असतं, तर उत्तर सांगायला परत कोण आलं असतं?"

"उलट उत्तरं बास," दादासाहेब म्हणाले. "काढतेस की नाही, एवढं सांग."

टिटवीने थोडा विचार केला. मग ती म्हणाली, "काढते."

साळूमावशींचे काटे खाली बसले.

"एका अटीवर," टिटवी म्हणाली. "तुमच्यापैकी कुणीतरी एकाने आत्ता उत्तर पाणवठ्यावर जायचं. चंद्रीताईंना सांगायचं की भुरा गेला, वाघाने खाल्ला, आता पहाटे कळपाबरोबर निघा. माझ्यावर त्या विश्वास ठेवत नाहीत. तुमच्यावर ठेवतात. दादासाहेब, तुमचं एक वाक्य पुरेल. तुम्ही निघालात की मी मैनेला शेवटचं सगळं विसरायला सांगते. सभ्यपणे संपवू. तुमचा नियमही राहील."

दादासाहेब ऐनाच्या झाडाकडे बघू लागले.

"मावशी, तुम्हाला काटे आहेत. वाटेत तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

मावशींनी एक काटा दुसऱ्यापासून सोडवायला घेतला. तो अडकलेला नव्हता.

"काका?"

सांबरकाका दक्षिणेकडे बघत होते. त्यांना वळवायला या वेळी कुणी पुढे आलं नाही.

टिटवी थांबली. नदीवरचं ऊन उतरलं. मैनेने एकदा पंख पसरून मिटले.

"मग नाही काढणार," टिटवी म्हणाली. "एक शब्दही नाही."

मैना उडाली. ती नदीच्या वरच्या अंगाला गेली. थोड्या वेळाने तिकडून वाघाचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, जरासा गोंधळलेला. हो. तो मुडपलेला कान आठवतो.

नंतर खुरांचा आवाज आला. आधी अडखळत, मग सरळ, कळपाच्या दिशेने.

तो काठावरच्या सगळ्यांना ऐकू आला.

तात्पर्य, खास वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून: मुलांनो, मोठ्यांचं ऐकत जा आणि भलते प्रश्न विचारू नका. वाघाला विचारलं तर तो खरं सांगून टाकतो, आणि मग 'आम्हाला कुठे माहीत होतं' असं म्हणायची मोठ्यांची सोय राहत नाही.